अडीच टनी एम-३५ए२: चालवायला जड, सांभाळायला सोपा

छंद म्हणून जुना लष्करी ट्रक घ्यायचा विचार सुरू झाला की बोलणं फिरून फिरून एकाच गाडीवर येतं: अमेरिकी लष्कराचा अडीच टनी एम-३५ए२. लांब बोनेट, ताडपत्रीचं छत, दहा टायर आणि तिन्ही अ‍ॅक्सलना जोर. आमचं मत आधीच सांगून टाकतो. छंदासाठी हा ट्रक उत्तम आहे, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हात पोचेल अशा जागी असतो आणि साध्या पान्यांनी उघडतो. पण त्याचे ब्रेक मुळात एकाच सर्किटवर चालतात. ब्रेकचं काम पहिल्या दिवसापासून मनावर घ्यायची तयारी नसेल, तर तो घेऊच नये. बाकीच्या उणिवांची सवय होते. या उणिवेची सवय होऊ देणं धोक्याचं आहे.

हा सांगाडा रिओ मोटर कार कंपनीने १९५० च्या सुमारास तयार केला. पुढे कैसर जीप आणि एएम जनरल यांनीही हे ट्रक बांधले. ‘अडीच टन’ हा आकडा कच्च्या रस्त्यावरच्या मालाचा आहे, म्हणजे साधारण २,२७० किलो. पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट माल नेण्याची परवानगी लष्करी पुस्तिका देते. रिकामी गाडी सुमारे ५.९ टन भरते. लांबी ६.७ मीटर, रुंदी २.४ मीटर आणि ताडपत्रीसकट उंची २.८ मीटर. ताडपत्री काढून समोरची काच बोनेटवर आडवी पाडली की उंची बरीच कमी होते. तरी ठेवायची जागा मापून घेतल्याशिवाय सौदा करू नका.

आता इंजिन. एलडीटी-४६५ हे सहा सिलिंडरचं, ७.८ लिटरचं टर्बो इंजिन आहे आणि त्याची खरी ओळख म्हणजे ते मल्टिफ्युएल आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या पद्धतीप्रमाणे पिस्टनच्या डोक्यात गोल खळगा असतो. नोझलमधून येणारं बरंचसं इंधन हवेत न पसरता त्या खळग्याच्या गरम भिंतीवर पातळ थरासारखं बसतं आणि तिथून वाफ होत जळतं. जळण्याचा वेग असा आवरलेला असल्यामुळे आणि कॉम्प्रेशन २२ ला १ इतकं असल्यामुळे डिझेल, रॉकेल, जेट इंधन आणि अडचणीच्या वेळी पेट्रोलसुद्धा हे इंजिन पचवतं. ताकद १३० ते १४० हॉर्सपॉवरच्या आसपास. सहा टनांच्या गाडीला हा आकडा लहान वाटतो आणि चढावर तो जाणवतोच. टर्बो इथे ताकदीपेक्षा काळा धूर कमी करण्यासाठी बसवला होता. ‘सी’ प्रकारचा टर्बो असेल तर वेग घेताना जी लांब, चढत जाणारी शिट्टी ऐकू येते तिच्यासाठी लोक मुद्दाम तोच टर्बो शोधतात. त्यात काही वावगं नाही. उघड्या केबिनमध्ये ती शिट्टी ऐकत तिसऱ्यातून चौथ्यात जाणं हे या ट्रकच्या मोठ्या सुखांपैकी एक आहे.

मल्टिफ्युएल आहे म्हणून टाकीत काहीही ओतायचं, हा मोह मात्र टाळा. पेट्रोलमध्ये वंगण नसतं, त्यामुळे डिझेल पंपाचे बारीक मापाचे भाग झिजतात. गाळलेलं जुनं ऑइल डिझेलमध्ये मिसळून चालवणारे पुष्कळ आहेत. इंजिन चालतं, पण फिल्टर लवकर तुंबतात आणि ऑइलमधलं पाणी किंवा धातूची कणी थेट पंपाच्या हायड्रॉलिक हेडमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंधन दाबून वाटणाऱ्या भागात, जाते. हा भाग बदलणं हे या गाडीवरच्या महागड्या कामांपैकी एक आहे. साधं, स्वच्छ डिझेल भरावं. टाकी ५० गॅलनची, म्हणजे १८९ लिटरची आहे, आणि हमरस्त्यावर लिटरला साडेतीन ते साडेचार किलोमीटर मिळतात.

इंजिनात काय बिघडतं ते नीट समजून घ्या. पहिली गोष्ट, पंपाच्या हायड्रॉलिक हेडवरच्या ओ-रिंग कडक झाल्या की डिझेल आतून चेंबरच्या ऑइलमध्ये उतरतं. बाहेर थेंबही दिसत नाही. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं किंवा त्याला डिझेलचा वास आला, तर इंजिन सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. ऑइल बदलताना दोन फिल्टरसह २१ लिटरच्या आसपास लागतं, त्यामुळे मोठं भांडं ठेवा. दुसरी गोष्ट, इंधनाच्या घनतेनुसार पंपाचा पुरवठा कमी-जास्त करणारा जो भाग पंपावर बसवलेला असतो, तो जुना झाला की बाहेर गळतो. फक्त डिझेलच वापरणार असाल तर तो वगळून पंपाची नळी सरळ जोडता येते, आणि बहुतेक जण तेच करतात. तिसरी गोष्ट, उतारावर इंजिनाचे आरपीएम २,६०० च्या वर जाऊ देणं. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटल्याची जी उदाहरणं सांगितली जातात, त्यांत बहुतेकदा उतारावर खालचा गिअर टाकून गाडीने इंजिनाला ढकलत नेलेलं असतं. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, फक्त इंधन तोडतो. चाकांकडून येणारी ढकल त्याला थांबवता येत नाही. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर ठरवायचा आणि टॅकोमीटरवर नजर ठेवायची.

इंजिन किल्लीने बंद होत नाही, कारण किल्लीच नाही. डॅशवरची बंद करायची मूठ ओढली की वायर पंपाचं इंधन तोडते. ही वायर गंजून अडकली तर इंजिन बंद होणार नाही, म्हणून तिला वेळोवेळी तेल द्या. हवा घेण्याचं तोंड झाकता येईल असं जाड फळकूट हाताशी ठेवलेलं बरं. तिथे हाताचा तळवा कधीही लावू नका. लांब फेरीनंतर इंजिन बंद करण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटं निवांत फिरू द्या. टर्बोच्या बेअरिंगला तेवढ्या वेळात ऑइल मिळतं आणि उष्णता उतरते. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर टर्बोच्या आधी बसवला, तर चढावर किती दाबायचं हे कळतं. ६५० अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा धरा.

डिझेलला टाकीपासून पंपापर्यंत तीन फिल्टरमधून जावं लागतं. तिघांच्याही तळाचं पाणी नियमित सोडायचं. टाकीत एक विजेचा पंपही असतो. स्विच टाकल्यावर त्याची गुणगुण ऐकू आली पाहिजे. तो बंद पडला तरी इंजिन बहुधा चालत राहतं, कारण मुख्य पंपही स्वतः डिझेल ओढतो. त्यामुळे टाकीतला पंप मेल्याचं कळतं ते फिल्टर बदलून एअर काढायच्या वेळी. फिल्टर बदलले की स्विच टाकून शेवटच्या फिल्टरवरचा एअरचा नट सैल करा आणि बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्या.

ब्रेक हवा आणि फ्लुइड यांच्या जोडीवर चालतात. पायाने दाबलेला पेडल मास्टर सिलिंडर ढकलतो. तिथून फ्लुइड एअरपॅक नावाच्या लांबट सिलिंडरमध्ये जातं, तिथे टाकीतली हवा जोर देते आणि मग तो दाब सहा व्हील सिलिंडरना मिळतो. हे सगळं एकाच सर्किटवर. एक रबरी होज फुटला किंवा एका व्हील सिलिंडरचा कप गेला, की सहाही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि पेडल फळीला टेकतो. नुसती हवा गेली तर पेडल काम करतो, पण तो इतका कडक होतो की सहा टन थांबवायला पायाचं बळ पुरत नाही. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, मागच्या टोकाला असलेल्या एका ड्रमवर लागतो. उभी गाडी धरण्यासाठी तो ठीक आहे. चालत्या गाडीला थांबवायला तो बनवलेलाच नाही, आणि तसा वापरला तर ड्रम तापून लायनिंग जळते. मुठीचा वरचा भाग फिरवून त्याचा ताण वाढवता येतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तरीही गाडीखाली जाताना चाकांना लाकडी ठोकळे लावायचेच.

म्हणून गाडी घरी आल्यावर रंग, ताडपत्री, दिवे हे सगळं नंतर. आधी सगळे रबरी होज नवे, सहाही व्हील सिलिंडर नवे किंवा उघडून तपासलेले, मास्टर सिलिंडर नवा आणि स्टीलच्या नळ्या हाताने चाचपलेल्या. चॅसीला क्लिपने जिथे नळी धरली आहे तिथे आतून गंज लागतो, तेव्हा क्लिप काढूनच बघा. मागच्या चाकांत दुसरा शत्रू असतो. हबचं आतलं सील गेलं की गिअर ऑइल ब्रेक शूवर उतरतं. ऑइल पिलेला शू पेट्रोलने पुसून परत लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक. लायनिंग आतपर्यंत भिजलेली असते आणि तापली की पुन्हा ऑइल सोडते. शू बदला, सील बदला, आणि अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) साफ करा. तो छोटा ब्रीदर चिखलाने बुजला की आत दाब वाढतो आणि नवं सीलसुद्धा ऑइल बाहेर फेकतं.

फ्लुइडबाबत काटेकोर राहा. सुरुवातीला या गाड्यांत नेहमीचं ग्लायकॉलचं फ्लुइड असे. १९८० च्या दशकात लष्कराने जांभळं सिलिकॉनचं डॉट ५ वापरायला सुरुवात केली. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत आणि एकत्र आले तर आत चिकट गाळ होतो. डॉट ५.१ हे नावाने जवळचं असलं तरी ग्लायकॉलचं आहे, ते सिलिकॉनच्या गाडीत घालू नका. आपल्या गाडीत काय आहे हे ओळखायला थोडं फ्लुइड काचेच्या भांड्यातल्या पाण्यात टाका. ग्लायकॉल पाण्यात विरघळतं, सिलिकॉन वेगळं होऊन वर तरंगतं. सिलिकॉनचा फायदा असा की ते हवेतली ओल ओढत नाही आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ते मानवतं. तोटा असा की शिरलेलं पाणी सर्वांत खालच्या जागी साचून तिथलाच धातू खातं. ओतताना डबा हलवू नका. त्यात बारीक बुडबुडे अडकतात आणि पेडल स्पंजी लागतो. एअर काढताना आधी एअरपॅक, मग सर्वांत लांबचं मागचं चाक, आणि तिथून पुढे येत जायचं.

फ्लुइड कमी होतंय पण बाहेर कुठेच ओल नाही, अशी स्थिती असेल तर एअरपॅकच्या आतलं सील गेलेलं असतं आणि फ्लुइड हवेच्या बाजूला जातंय असं समजा. पेडल दाबून धरल्यावर तिथून सतत फुस्स आवाज येत असेल तर हवेच्या बाजूचं सील संपलं आहे. दोन्हींत एअरपॅक उतरवणं हाच इलाज. हवेच्या दोन्ही टाक्यांचं पाणी प्रत्येक फेरीनंतर सोडलं तर एअरपॅक खूप वर्षं टिकतो. ज्यांना गर्दीच्या रस्त्यावर गाडी न्यायची आहे त्यांनी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि दोन एअरपॅक बसवावेत. मूळपणा जपणारे नाकं मुरडतील, पण आमच्या दृष्टीने या ट्रकवरचा हा सर्वांत शहाणा बदल आहे.

चाकांचं काम जड आणि धोक्याचं. मूळ टायर ९.०० बाय २० मापाचे, दोन्ही दिशांना सारखी नक्षी असलेले. चिखलात चांगले, ओल्या डांबरावर घसरडे. रिमला वेगळी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसताना हवा भरली तर रिंग सुटून माणूस मरू शकतो. टायर पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभं राहून हवा भरायची. चाक खोलण्यापूर्वी व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडायची, आणि जोडीच्या चाकांत तर दोन्ही टायरांची. ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. स्टडवर ‘एल’ कोरलेलं असतं. हे न बघता पाइप लावून जोर केला तर स्टड तुटतो. मागे आतल्या चाकाचा चौकोनी टोकाचा नट आधी कसायचा, मग बाहेरचा. पहिल्या फेरीनंतर बाहेरचे नट सैल करून आतले पुन्हा तपासायचे. मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या मधे वेगळा डिफरन्शियल, म्हणजे वेगातला फरक सामावणारा गिअर, नाही, दोन्ही एकाच सरळ शाफ्टवर चालतात. त्यामुळे आठही टायरांचा परीघ जवळजवळ सारखा हवा. एक झिजलेला आणि एक नवा टायर जोडीत घातला तर नवा टायर सगळा भार उचलतो आणि शाफ्टवर कायम पीळ राहतो.

ट्रान्सफर केस दोन प्रकारचा मिळतो. स्प्रॅगवाल्यात, म्हणजे एकाच दिशेने पकडणारा क्लच असलेल्यात, मागची चाकं घसरायला लागली की पुढचा अ‍ॅक्सल आपोआप लागतो. एअरवाल्यात डॅशवरचा खटका टाकून तो आपण लावतो. आम्ही एअरवाला घ्या असं सांगू. स्प्रॅगमध्ये रिव्हर्ससाठी वेगळी लिंकेज असते, तिचं सेटिंग बिघडलं तर मागे जाताना गाडी स्वतःशीच झगडते. पुढचे टायर मोठ्या मापाचे घातले तरी कोरड्या रस्त्यावर पुढचा अ‍ॅक्सल आपोआप लागत राहतो. पुढच्या चाकांच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटले असतील तर पाणी आत जाऊन ग्रीसचा चिखल होतो. मूळ बूट बदलायला सगळा हब उतरवावा लागतो. चेन (झिप) लावलेला उघडा बूट मिळतो, तो जागेवरच गुंडाळून लावता येतो.

चालवण्याची पद्धत सावकाश शिकायची. स्विच टाका, क्लच दाबा, सेल्फचं बटण दाबा. हवेचा दाब कमी असेपर्यंत भोंगा वाजत राहतो. काटा ६० पीएसआयच्या वर गेला म्हणजे लगेच निघायचं नसतं, कंप्रेसर १२० च्या आसपास स्वतः थांबेपर्यंत वाट पाहणं चांगलं. तेवढ्या वेळात गाडीभोवती चक्कर मारून गळती बघून होते. रिकामी गाडी सपाटीवर दुसऱ्या गिअरमध्ये उचलते. पहिला भार किंवा चढ असेल तेव्हाच. पाचवा ओव्हरड्राइव्ह आहे. ताशी ७२ किलोमीटरला इंजिन २,१०० आरपीएमच्या आसपास फिरतं आणि तिथेच ते सर्वांत समाधानी वाटतं. ९० ही मर्यादा आहे, तिथे सतत राहू नका. पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळू नका. चाकं जराशी फिरायला लागली की ते हलकं होतं. आवाज इतका असतो की कानाला बोळे हवेतच, आणि वायपर हवेवर चालतात म्हणून तेही फुसफुसतात. या सगळ्यात माणूस पूर्ण गुंतून जातो. पुढचं वळण, पुढचा गिअर, हवेचा काटा, इंजिनाचा सूर याशिवाय डोक्यात दुसरं काही उरत नाही, आणि हेच सुख दुसऱ्या कुठल्या गाडीत इतकं भरून मिळत नाही. कच्च्या वाटेवर लो गिअर टाकून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला तरी ट्रक चालण्याच्या वेगाने खड्डे पार करत जातो. ७५ सेंटिमीटर खोल पाण्यातून तो कुठलीही जोडणी न करता जातो. नंतर मात्र ड्रम, अ‍ॅक्सलचं ऑइल आणि सांधे तपासायचे.

वीज २४ व्होल्ट, दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडून. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका, ती कमी चार्ज होते आणि दुसरी जास्त उकळते. कन्व्हर्टर लावा. बॅटरी उलटी जोडली तर आल्टरनेटर क्षणात जातो. दिव्यांचा तीन दांड्यांचा स्विच आधी खिटी सोडवून फिरवायचा असतो.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, आधी तापवून ठेवलेलं नको. डिपस्टिक, रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग, केबिनची फरशी, बॅटरीची पेटी, काचेच्या चौकटीची खालची कड, या क्रमाने बघा. पुढे विंच असेल तर तिची शिअर पिन पाहा. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते, भार जास्त झाला तर तीच तुटावी म्हणून. तिथे कडक बोल्ट घातलेला दिसला तर आधीच्या मालकाने बाकी कामंही तशीच केली असतील असं धरून भाव करा.

टीएम ९-२३२०-३६१ या क्रमांकाच्या पुस्तिका मिळवा. ‘१०’ चालकाची, ‘२०’ देखभालीची. चित्रांसह पायरी न् पायरी दिलेली इतकी चांगली पुस्तिका नागरी ट्रकांना क्वचितच मिळते. पाने इंचांचे लागतात, पाऊण इंची ड्राइव्हचा सेट, टॉर्क वाढवणारं यंत्र, २० टनी बाटली जॅक आणि हब नटासाठी ३ इंची आठकोनी सॉकेट. गाडीत कायम ठेवायचं सामान: दोन्ही मापांचे फॅन बेल्ट, तिन्ही डिझेल फिल्टर, एक ब्रेक होज, योग्य जातीचं ब्रेक फ्लुइड एक लिटर, पाच लिटर ऑइल, शिअर पिना, चाकांचे ठोकळे आणि २४ व्होल्टचे बल्ब. स्वयंचलित गिअर आणि दोन सर्किटचे ब्रेक मुळातच हवे असतील तर १९९० च्या दशकात कॅटरपिलर इंजिन घालून पुन्हा बांधलेला एम-३५ए३ बघा. तो चालवायला सोपा आहे, पण टर्बोची ती शिट्टी त्यात नाही.